फुप्फुस पुन्हा पुन्हा दबतंय? न्यूमोथोरॅक्सच्या रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचं

न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा अडकून फुप्फुस दबणं, पहिल्यांदा होतो तेव्हा विचार करायला वेळच मिळत नाही. छातीत कळ येते, धाप लागते, एक्स-रे निघतो, बरगड्यांमधून नळी टाकतात, काही दिवस वॉर्डात काढून माणूस घरी येतो आणि घरचे देवापुढे साखर ठेवतात. पण फुप्फुसाचा दुसरा कुठलाही आजार नसताना ज्यांना हा त्रास होतो, त्यांच्यातल्या दर तिघांपैकी साधारण एकाला तो पुन्हा होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच. दुसऱ्यांदा झाला की तिसऱ्यांदा होण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणून दुसऱ्या वेळी नुसती हवा काढून घरी येणं हा अर्धाच उपचार झाला. तो परत होऊ नये म्हणून काय करायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. या लेखात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

माझ्या धाकट्या भावाचं फुप्फुस असं वारंवार दबत होतं. त्याच्या उशाशी बसून जे शिकलो आणि नंतर ओळखीपाळखीतून ज्यांचे फोन आले त्यांना जे सांगत आलो, ते इथे क्रमाने लिहितो. उपचार ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. त्यांच्यापर्यंत वेळेत आणि तयारीने पोचणं आपलं.

आत नेमकं काय होतं

फुप्फुसावर आणि छातीच्या आतल्या बाजूवर प्लुरा नावाचं पातळ आवरण असतं. या दोन थरांमध्ये जेमतेम ओलावा असतो, हवा नसते, म्हणून फुप्फुस छातीला लागून फुललेलं राहतं. काही जणांच्या फुप्फुसाच्या शेंड्याशी पातळ भिंतीचे फुगे असतात. लहान फुग्याला ब्लेब म्हणतात, मोठ्याला बुला. असा फुगा फुटला की हवा त्या दोन थरांमध्ये शिरते आणि फुप्फुस आकसतं. जड काही उचलल्याने किंवा धावल्यानेच हे होतं असं नाही. पुष्कळदा माणूस नुसता बसलेला असतो, झोपलेला असतो.

उंच, सडपातळ, पंधरा ते पस्तिशीतली मुलं, त्यातही सिगारेट-बिडी ओढणारी, यांच्यात हा जास्त दिसतो. याला प्राथमिक प्रकार म्हणतात. दुसरा प्रकार आधीच्या आजारामुळे होतो. आपल्याकडे त्यात टीबी किंवा जुन्या टीबीचे व्रण, आणि वर्षानुवर्षं धूम्रपान करून खराब झालेली फुप्फुसं, ही कारणं ठळक आहेत. या दुसऱ्या प्रकारात थोडी हवासुद्धा जड जाते. तिथे 'घरी बघू काय होतंय' हा पर्याय नाही, दाखल व्हायचं.

पहिलं काम: 'गॅस असेल' यावर थांबू नका

एका बाजूला अचानक टोचल्यासारखी कळ, खोल श्वास घेतला की वाढणारी, कधी खांद्यात किंवा पाठीत जाणारी, सोबत धाप किंवा कोरडा खोकला. ही लक्षणं असली की आपल्याकडे पहिलं निदान ओवा आणि सोडा यांच्यावर होतं. भावाला एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत ईसीजी काढून, 'हार्ट ठीक आहे, गॅस आहे' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. ईसीजी चांगला आला म्हणजे न्यूमोथोरॅक्स नाही, असं होत नाही.

ऑक्सिमीटरचंही तेच. तरुण, एरवी धडधाकट माणसाचं एक फुप्फुस बरंच दबलेलं असलं तरी बोटावरच्या यंत्रात ९६ किंवा ९७ दिसू शकतं. आकडा चांगला आहे म्हणून निजून राहू नका. ज्याला एकदा हा त्रास झाला आहे, त्याने त्याच बाजूची किंवा दुसऱ्या बाजूची तशीच कळ आली की त्याच दिवशी उभ्याने छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: "मला आधी न्यूमोथोरॅक्स झालेला आहे, आज पुन्हा तशीच कळ आली आहे, एक्स-रे काढा." घाबरट दिसण्याची लाज वाटून घेऊ नका.

एक्स-रेवर काय बघतात ते घरच्यांनाही कळलेलं बरं. छातीच्या कडेला समांतर अशी केसाएवढी बारीक पांढरी रेघ दिसते. तिच्या आत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांची जाळी असते, आणि तिच्या बाहेर जाळी नसलेला नुसता काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे अडकलेली हवा. पट्टा बारीक असला की घाईच्या नजरेतून सुटतो. शंका राहिली तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करता येतो.

धाप झपाट्याने वाढतेय, ओठ निळसर पडलेत, घाम फुटलाय, नाडी जोरात चाललीय, चक्कर येतेय, बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, यातलं काहीही दिसलं तर ते टेन्शन न्यूमोथोरॅक्स असू शकतं. यात अडकलेली हवा हृदयावर आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आणते, आणि मिनिटांचा प्रश्न असतो. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्यात जवळच्या, ऑक्सिजन आणि डॉक्टर असलेल्या रुग्णालयात न्या. लांबच्या नामांकित ठिकाणी नंतर जाता येतं.

तालुक्याच्या गावातून मोठ्या शहरात हलवायचं असेल तर निघण्याआधी एक प्रश्न विचारा: "प्रवासाआधी नळी टाकायची गरज आहे का?" हवा बरीच असताना नळीशिवाय घाटरस्त्याने तीन-चार तास जाणं धोक्याचं ठरू शकतं. नळी टाकलेली असेल तर प्रवासात तिला चिमटा लावून बंद करायची नाही, आणि तिला जोडलेली पाण्याची बाटली छातीच्या पातळीखालीच ठेवायची.

नळी, बाटली आणि वॉर्डातले दिवस

प्रत्येकाला नळी लागतेच असं नाही. हवा थोडी असेल, धाप नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. अडकलेली हवा शरीर हळूहळू शोषून घेतं, ऑक्सिजन दिला तर जरा लवकर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३१६ रुग्णांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच प्राथमिक न्यूमोथोरॅक्स झालेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या माणसांमध्ये हवा मध्यम किंवा जास्त असतानाही नळी न टाकता वाट पाहिली, तरी आठ आठवड्यांत बहुतेकांची फुप्फुसं पूर्ण फुलली. त्यामुळे डॉक्टर 'थांबून बघू' म्हणाले तर तो हलगर्जीपणा समजू नका. मात्र दोन गोष्टी लिहून घ्या: पुढचा एक्स-रे कधी, आणि काय वाटलं तर लगेच परत यायचं. आणि रुग्णालयापासून लांब राहत असाल तर तेही सांगा, कारण तुमचं गाव किती लांब आहे हे डॉक्टरांना आपोआप कळत नाही.

हवा काढायची असेल तर कधी सुईने ओढून काढतात, कधी नळी टाकतात. वॉर्डात तिला 'आयसीडी' म्हणतात. काखेखाली बरगड्यांमधल्या जागेत भूल देऊन ती आत सरकवतात. भुलीचं इंजेक्शन नीट लागू द्या, दुखत असेल तर तिथेच सांगा.

नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडलेलं असतं. आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, पण पाण्यामुळे बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. या बाटलीकडे बघायला शिका, कारण चोवीस तास तिच्याजवळ तुम्हीच असता. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतं, म्हणजे नळी मोकळी आहे. बुडबुडे येतायत, विशेषतः खोकल्यावर, म्हणजे फुप्फुसातून हवा अजून गळतेय. पाण्याची हालचाल एकदम थांबली तर एक तर फुप्फुस पूर्ण फुललंय, नाही तर नळी मुडपली किंवा तुंबली आहे. कुशीवर झोपल्यावर नळी अंगाखाली दबते, ते आधी बघा आणि मग सिस्टरना बोलवा.

बाटली कधीही छातीच्या वर उचलायची नाही, नाही तर तिच्यातलं पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. वॉर्डबॉयने ट्रॉलीवर ढकलताना ती सहज पोटावर ठेवली, तर ठामपणे खाली ठेवायला सांगा. बुडबुडे चालू असलेली नळी कुणीही 'जरा वेळ' म्हणून बंद करायची नाही. नळी बाटलीपासून सुटली तर तिचं टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत बुडवून धरा आणि हाक मारा. छातीतूनच निघून आली तर त्या जागेवर गॉज दाबून धरा आणि ओरडून बोलवा. बाटली हातात धरून चालता येतं, चालायलाच हवं. दुखतंय म्हणून खोकला दाबून ठेवू नका. वेदनाशामक औषध वेळेवर मागून घ्या, कारण दुखण्याच्या भीतीने माणूस वरवर श्वास घेतो आणि फुप्फुस फुलायला उशीर होतो. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं व्यायामाचं यंत्र (स्पायरोमीटर) मिळालं असेल तर ते कधी आणि किती वेळा वापरायचं, हे फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

चार-पाच दिवसांनंतरही बुडबुडे थांबत नसतील तर सर्जनचं मत कधी घेणार, हे तुम्ही स्वतःहून विचारा. नळी दोन-तीन आठवडे तशीच ठेवून वाट पाहत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. टीबीमध्ये कधी कधी तसं करावंच लागतं. पण धडधाकट तरुणाच्या बाबतीत त्या थांबण्यामागचं कारण डॉक्टरांनी सांगितलेलं असलं पाहिजे.

कारण शोधून घ्या

वारंवार होणाऱ्या न्यूमोथोरॅक्सला 'असंच झालं' हे उत्तर मान्य करू नका. फुप्फुस फुलल्यावर छातीचा एचआरसीटी (जास्त बारकाईने दाखवणारा सीटी) स्कॅन करून घ्यावा का, हे विचारा. त्यात दोन्ही बाजूंचे फुगे दिसतात, फुप्फुसाचा इतर आजार असेल तर तोही कळतो. मोठा बुला साध्या एक्स-रेवर न्यूमोथोरॅक्ससारखाच दिसू शकतो आणि त्यात चुकून नळी गेली तर नवीनच संकट उभं राहतं. शंका असेल तिथे सीटीचा उपयोग यासाठीही आहे.

टीबीबद्दल वेगळं सांगतो. छातीचं काहीही झालं की टीबीची औषधं सुरू करून टाकण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. टीबी असेल तर सगळा कोर्स घ्यायलाच हवा, पण आधी थुंकीची किंवा छातीतल्या पाण्याची तपासणी मागा. टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते.

बायकांच्या बाबतीत एक कारण फार वेळा निसटतं. पाळी सुरू होण्याच्या आसपास, साधारण तीन दिवस आधी किंवा नंतर, आणि बहुतेकदा उजव्याच बाजूला फुप्फुस दबत असेल तर ते एंडोमेट्रिओसिसमुळे असू शकतं. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी छाती आणि पोटामधल्या पडद्यावर किंवा प्लुरावर वाढलेली असते. छातीच्या डॉक्टरांना पाळीची तारीख विचारायचं सुचत नाही, आणि बाई आपणहून सांगायला संकोचते. तेव्हा घरातल्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखा आणि छातीत दुखल्याच्या तारखा दोन्ही लिहा आणि ते पानच डॉक्टरांपुढे ठेवा. असं निघालं तर सर्जनबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञही लागतात, कारण नुसतं ऑपरेशन करून भागत नाही, हार्मोनचे उपचारही द्यावे लागतात. तरुण बाईच्या दोन्ही फुप्फुसांत सीटीवर पुष्कळ पातळ पोकळ्या दिसल्या तर एलएएम नावाच्या दुर्मिळ आजाराचा विचार करतात.

घरात आणखी कुणाला असा त्रास झाला असेल तर तो आवर्जून सांगा. बर्ट-हॉग-ड्युबे नावाचा आनुवंशिक विकार घराण्यात चालत येतो आणि त्यात मूत्रपिंडाच्या गाठींवरही लक्ष ठेवावं लागतं. खूप उंची, लांबसडक बोटं आणि डोळ्याच्या भिंगाचा त्रास असेल तर मारफान सिंड्रोमसाठी हृदयाची टूडी एको तपासणी सुचवतात.

सर्जनला केव्हा भेटायचं आणि काय विचारायचं

त्याच बाजूला दुसऱ्यांदा झाला, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूला झाला, दोन्ही बाजूंना एकदम झाला, हवेची गळती थांबत नाही, किंवा तुम्ही वैमानिक किंवा पाणबुडे आहात: या सगळ्या परिस्थितींत शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यासाठी छातीच्या शस्त्रक्रिया करणारा थोरॅसिक सर्जन हवा. मोठ्या रुग्णालयांत हा विभाग बहुधा हृदयशस्त्रक्रियेबरोबर, सीव्हीटीएस नावाने असतो.

आजकाल बहुतेक ठिकाणी व्हॅट्स पद्धतीने, म्हणजे छोट्या छेदांतून दुर्बिणीने ऑपरेशन करतात. त्यात दोन कामं होतात. फुगे असलेला भाग स्टेपल करून काढतात, आणि प्लुरा खरवडून किंवा तिचा काही भाग सोलून फुप्फुस छातीला आतून चिकटेल अशी व्यवस्था करतात. या चिकटवण्याला प्लुरोडेसिस म्हणतात. ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्यात नळीतूनच टाल्कसारखं औषध सोडून प्लुरोडेसिस करतात. नंतर एक-दोन दिवस छातीत दुखतं, ताप येतो, आणि ते अपेक्षित असतं.

व्हॅट्सनंतर पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतं. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये ते आणखी कमी, पण दुखणं जास्त आणि सावरायला वेळही जास्त. सर्जनला विचारा: फुगे काढणार की फक्त प्लुरोडेसिस? दोन्ही का नाही? दुसऱ्या बाजूला फुगे आहेत का? अशी ऑपरेशनं तुमच्याकडे नेहमी होतात का? या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही. ऑपरेशननंतर छेदांच्या आसपास, छातीच्या पुढच्या भागात बधिरपणा किंवा मुंग्या काही आठवडे, कधी काही महिने राहतात. हे आधी माहीत असलं की जिवाचा थरकाप होत नाही.

पैसे आणि कागदपत्रं

मुंबईत केईएम किंवा जे.जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, अशा ठिकाणी आधी छातीच्या ओपीडीत नाव नोंदवावं, तिथून पुढची दिशा मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून तुमचं नेमकं ऑपरेशन यादीत बसतं का हे दाखल होण्याआधी विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी करता येते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावं लागतं. बिल हातात आल्यावर नव्हे, पहिल्या दिवशीच भेटा.

फाईल एकच ठेवा. प्रत्येक वेळचा एक्स-रे तारखेनुसार, सीटीची सीडी आणि रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, आणि पहिल्या पानावर आपल्या हाताने एक तक्ता: तारीख, बाजू, काय उपचार, नळी किती दिवस. नवीन डॉक्टरांना जे समजायला अर्धा तास लागला असता ते या पानावरून लगेच समजतं.

रोजचं जगणं

सिगारेट, बिडी, हुक्का, व्हेप, गांजा, सगळं बंद. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये हा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे २२ पट असल्याचं जुन्या स्वीडिश पाहणीत दिसलं होतं. या आजारात रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेला एवढा मोठा उपाय दुसरा नाही. एकट्याने सुटत नसेल तर १८०० ११ २३५६ ही मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे.

जिम, क्रिकेट, जड काम हे एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुललेलं दिसेपर्यंत थांबवा आणि मग डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरू करा. जन्मभर खुर्चीत बसून राहायची गरज नाही. बरं झाल्यावरही महिनोन्महिने बारीक कळा येत राहतात आणि दर वेळी छातीत धस्स होतं. हालचालीने किंवा दाबल्याने बदलणारी, काही सेकंदांत जाणारी कळ बहुधा बरगड्यांच्या मधल्या स्नायूंची किंवा व्रणाची असते. टिकून राहणारी, श्वासाबरोबर वाढणारी आणि धापेसोबतची कळ असेल तर एक्स-रे. झोप उडाली असेल, एकटं राहायची भीती वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. भावाला ती भीती छातीच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस पुरली.

हवा छातीत असताना विमानात बसायचं नाही, कारण उंचीवर ती प्रसरण पावते. एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुललेलं दिसल्यानंतर निदान सात दिवस थांबावं, आणि ऑपरेशन झालं असेल तर सर्जन सांगतील तितकं. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी तिकीट काढण्याआधी हे बघावं. एअरलाइन डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागू शकते.

तारकर्ली, गोवा किंवा अंदमानला गेलात तर स्कूबा डायव्हिंग करू नका, आणि तिथल्या फॉर्मवर आजार लपवू नका. वर येताना छातीतली हवा फुगते आणि पाण्याखाली न्यूमोथोरॅक्स झाला तर जीव जाऊ शकतो. दोन्ही बाजूंची कायमस्वरूपी शस्त्रक्रिया झालेल्यांनीही तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये.

दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी, अगदी दाढ काढताना भूल द्यायची असली तरी, भूलतज्ज्ञांना हा इतिहास सांगा. छातीत हवा असताना नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू दिला तर ती हवा वाढते.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: "मला उजव्या बाजूला वारंवार न्यूमोथोरॅक्स झाला आहे. अमुक साली व्हॅट्स आणि प्लुरोडेसिस झालं आहे. धाप किंवा छातीत दुखत असेल तर लगेच एक्स-रे काढावा." बाजू आणि साल आपापलं घाला, खाली रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहा. रूमवर राहणाऱ्यांनी चिठ्ठीचा फोटो रूममेटच्या मोबाइलवरही पाठवून ठेवावा.